कुंडीतले वेलवांगे

शहरी माणसाच्या अंगात शेतकरी संचारतो तो बहुधा मंडईतून हलकी पिशवी घेऊन परतताना. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला दीडशे रुपयांच्या पलीकडे गेला, तेव्हा आमच्या इमारतीत एकाएकी पाच-सहा गॅलऱ्यांत टोमॅटोच्या कुंड्या दिसू लागल्या. त्याआधी दोनच वर्षांमागे, ऑगस्ट २०२१ मध्ये, किलोला दोन-तीन रुपयेसुद्धा पदरात पडेनात म्हणून नाशिककडच्या शेतकऱ्यांनी हाच टोमॅटो रस्त्यावर ओतला होता. त्या वेळी मात्र ह्या पाच-सहा गॅलऱ्यांतून कुणाला शेतीची आठवण झाल्याचे ऐकिवात नाही. असो.

माझ्या कुंड्या त्या लाटेच्या आधीपासूनच्या आहेत, एवढे अभिमानाने सांगतो. पैशाच्या हिशेबाने हा उद्योग मुळीच करू नये. बारा इंची कुंड्या, पोयटा, शेणखत, निंबोळी पेंड, काठ्या, सुतळी ह्या सगळ्यांची बेरीज आमच्या सौ.ने एकदा दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर केली, तिला हाती आलेल्या टोमॅटोंनी भागले आणि म्हणाली, "ह्या भावात मी तुम्हांला वर्षभर सफरचंदाची कोशिंबीर घातली असती!" मी काही बोललो नाही. झाडावर पिकलेला टोमॅटो तोडून तिथेच मीठ लावून खाल्ला आहे तो माणूस अशा वेळी बोलत नसतो. बाजारचा टोमॅटो ट्रकच्या प्रवासाला टिकावा म्हणून अर्धाकच्चा तोडतात. त्याची साल जाड, आणि लाली वाटेत आलेली.

जुनी माणसे ह्या फळाला वेलवांगे म्हणत. विदर्भात अजून भेदरे म्हणतात. दक्षिण अमेरिकेतले हे पोर पोर्तुगिजांच्या गलबतातून आपल्याकडे आले असे मानतात. वांगे, मिरची, बटाटा आणि तंबाखू ही त्याची सख्खी-चुलत भावंडे. ह्यातला तंबाखूचा संबंध ध्यानात ठेवावा, तो पुढे येणार आहे.

बी टाकायचे ते गणपतीच्या सुमारास. पुसा रुबी किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा धनश्री, भाग्यश्री हे वाण चांगले. नवरात्रापर्यंत रोपाला चार-पाच खरी पाने येतात. मग त्याला मोठ्या कुंडीत हलवायचे, पण बाकीच्या रोपांसारखे नाही. खालची पाने खुडून खोड चांगले अर्धेअधिक मातीत पुरायचे. टोमॅटोच्या खोडाला जिथे माती लागेल तिथे मुळ्या फुटतात. आमच्या शेजारच्या काकूंना हे पटेना. "अहो, जिवंत झाडाला गळ्यापर्यंत काय पुरता?" असे म्हणून त्या दोन दिवस माझ्याकडे संशयाने पाहत होत्या.

जागा दक्षिणेची हवी. दक्षिणायनात सूर्य तिकडे कलतो, त्यामुळे ऐन थंडीत दक्षिणेच्या गॅलरीला दिवसभर ऊन मिळते, आणि सहा तास उन्हाखेरीज टोमॅटो खूश नसतो. दिवाळीच्या आगेमागे पुण्यातली रात्र पंधरा ते वीस अंशांवर उतरते, तीही त्याला मानवते. चैत्र-वैशाखात रात्रीचा उकाडा राहिला की फुले येतात आणि गळतात. मग खताला नावे ठेवण्यात अर्थ नसतो.

इथपर्यंत सगळे सोपे आहे. अवघड आहे ते झाडाला मायेच्या माणसांपासून वाचवणे. टोमॅटोची निम्मी दुखणी लाडाची असतात असे माझे ठाम मत आहे. येणारा-जाणारा एक तांब्या पाणी ओतून जातो. मग चार दिवस कुणीच ओतत नाही. अशी कधी ओल कधी कोरड झाली की मातीतला चुना झाडाला नीट ओढून घेता येत नाही आणि हिरव्या फळाचे बूड काळे पडते. त्यावर लोक अंड्याची टरफले सुचवतात. टरफले मातीत विरघळायला महिनोन् महिने लागतात. त्यापेक्षा बोट मातीत खुपसून पाहावे, एक पेर कोरडे लागले तर सकाळी बुडाशी पाणी द्यावे, पानांवर शिंतोडे उडवू नयेत. ओल्या पानांवर करपा बसतो. खताचेही तेच. नत्राचा मारा केला तर झाड हत्तीसारखे वाढते आणि फळाच्या नावाने शंख! पानाच्या बगलेत फुटणारे कोंब खुडावेत. आमच्या सौ.चा जीव त्या कोंबांसाठी तुटतो. तो तुटू द्यावा, कोंब खुडावेत.

आता तंबाखू. आमच्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ रोज सकाळी चुना-तंबाखू मळत गॅलरीत येतात आणि त्याच हाताने पाने कुरवाळतात. तंबाखूवरचा एक विषाणू वाळल्या पुडीतही जिवंत राहतो आणि नुसत्या हाताच्या स्पर्शाने टोमॅटोला जडतो. पाने चट्ट्यापट्ट्यांची होतात. हे मी त्यांना समजावून सांगितले. तेव्हापासून ते आधी साबणाने हात धुतात. त्यांच्या पत्नीने मला निरोप पाठवला की, जे पस्तीस वर्षांत तिला जमले नाही ते तुमच्या झाडाने केले.

गेल्या वर्षी मात्र खरा पेच पडला तो नातीच्या झाडापायी. चार कुंड्यांपैकी एक तिची, वर तिच्याच हातचे चित्र चिकटवलेले. सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या दांड्यांना टिचकी मारण्याचे काम तिच्याकडे होते. टोमॅटोच्या फुलाचे पराग आतल्या आत धरलेले असतात, ते हलल्याशिवाय सुटत नाहीत. शेतात निळ्या पट्ट्यांची एक माशी फुलाला मिठी मारून गुणगुणते आणि त्या थरथरीने पराग झडतात. चौथ्या मजल्यावर ती माशी कुठून येणार? तेव्हा ती माशी म्हणजे आमची नात.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "आजोबा, माझं झाड रुसलंय बघा." शेंड्याची पाने वाटीसारखी वर वळली होती, कडा पिवळ्या, वाढ खुंटलेली. फांदी हलवली तर कणकेच्या भुकटीसारख्या पांढऱ्या माश्या उडाल्या. शेतकरी ह्याला बोकड्या म्हणतात. ह्या रोगाला औषध नाही. झाड लगेच मरत नाही, पण धड फळतही नाही. आणि पांढरी माशी त्याचा रस पिऊन दुसऱ्या झाडावर बसली की तेही गेले. उपटून, पिशवीत बांधून टाकणे, हा एकच शहाणपणाचा मार्ग.

मी तिला हे सगळे सांगितले. आठ वर्षांच्या मुलाला खोटे सांगून उपयोग नसतो. तिने एकच प्रश्न विचारला, "मग त्याला दवाखान्यात वेगळं ठेवतात तसं नाही का ठेवता येणार?"

सौ. म्हणाली, "अहो, दिवाळीच्या दिवसांत पोरीचं झाड उपटू नका." मी म्हणालो, "अगं, बाकीची तीन जातील." तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी कुंडी उचलून गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. निंबतेल आणि साबणाचे पाणी दोन्ही बाजूंनी फवारले. नातीने मच्छरदाणीचा तुकडा आणला, पण त्याच्या भोकांतून पांढरी माशी सुखाने येते-जाते. शेवटी सौ.ने ट्रंकेतून आपले जुने व्हॉइलचे पातळ काढले, फुलाफुलांचे, आणि चार काठ्या रोवून त्याचा तंबू केला. खाली गॅलरीत मी पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून टांगले. पिवळ्या रंगाकडे ती माशी धावते आणि चिकटते. दिवाळीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने तो आकाशकंदील कशाचा म्हणून विचारले.

नात रोज फराळाआधी गच्चीवर जाऊन येई. काय पाहिले ते सांगत नसे. खालच्या तीन झाडांवर भाऊबिजेपर्यंत बोराएवढी फळे धरली. पातळाखालचे झाड होते तेवढेच राहिले, पाने आणखी आखडली, फुले आली ती गळून गेली.

तुळशीचे लग्न लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच गच्चीवरून खाली आली आणि म्हणाली, "आता काढू या." मी उपटायला वाकलो तर तिने माझा हात बाजूला केला. मुळासकट एका झटक्यात निघाले. पिशवीची गाठ मी मारली. कंपोस्टच्या ड्रमात न टाकता ती कचऱ्याच्या गाडीत दिली. सौ.ने पातळ गरम पाण्यात बुडवून वाळत घातले.

कुंडी रिकामी झाली. तिच्यात लगेच पुन्हा टोमॅटो लावायचा नसतो. वांगे आणि मिरचीही नको, ती एकाच कुळातली. नातीने फळीवरच्या डब्यातून मूठभर मेथ्या आणल्या, रात्रभर भिजवल्या आणि सकाळी पेरल्या. चौथ्या दिवशी कोंब वर आले, तेव्हा ती शाळेत गेली होती. तिला सांगायचे नाही, तिचे तिला दिसू द्यायचे, असे सौ.ने मला बजावले.