जाळीच्या देवाला

जालना जिल्ह्यात डोंगरदऱ्या पाहायला चाललो आहे, असे सांगताच आमच्या स्टाफरूममध्ये हशा पिकला. जालना म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती बियाण्यांची दुकाने, लोखंडाचे कारखाने आणि उन्हाळ्यातले टँकर! परंतु मी काही हौसेने निघालो नव्हतो. प्रायश्चित्ताला निघालो होतो.

अठरा वर्षे मी ‘लीळाचरित्र’ शिकवतो आहे. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेला मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ. त्यातल्या बोलभाषेचे मी वर्गात तोंड भरून कौतुक करतो. एके दिवशी धावड्याकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, तुम्ही जाळीचा देव पाहिलाय?” मी मुकाट्याने फळ्याकडे वळलो.

आश्विनात आम्ही दोघे निघालो. राजूरच्या गणपतीची टेकडी मागे पडली. केळण्याकाठचे भोकरदन, म्हणजे सातवाहनकाळचे भोगवर्धन, तेही गेले. पुढे मिरचीची शेते लागली. रस्ता इतक्या बेताने चढत होता, की डोंगर आला हे कळलेच नाही. अजिंठ्याच्या रांगेची हीच तर गंमत! दक्षिणेकडून ती चोरपावलांनी चढते आणि उत्तरेला एकदम तुटते. कड्यावर उभा राहिलो, तो खाली हिरवीगार दरी आणि तिच्यात तरंगणारे धुके. अलीकडचे पाणी गोदावरीला जाते, पलीकडचे तापीला.

देवळापाशी विद्यार्थ्याची आजी आमची वाट पाहत होती. “दंडवत प्रणाम, गुर्जी,” ती म्हणाली. मग झाडीकडे बोट दाखवून सांगू लागली, “हितंच जाळीत वाघिनीची पिल्लं व्हती. चक्रधर स्वामी त्यायच्यासंगं खेळले.”

“आणि वाघीण आली असती तर?”

“आली असती तर काय? ज्याचं कुनाला भ्याव नाही, त्याला तरी कुनाचं भ्याव?”

मी विद्यार्थ्याकडे पाहिले. त्याने मान खाली घातली होती. हीच ‘व्हती’, हेच ‘भ्याव’ त्याच्या वहीत मी कितीदा तांबड्या शाईने खोडले होते! सातशे वर्षांपूर्वीच्या बोलीला मी प्रणाम करीत होतो आणि समोरच्या बाकावरच्या बोलीला दंड!

परत आल्यावर वर्गात जाळीची लीळा त्यालाच सांगायला लावली, आजी सांगते तशी. पहिल्या ‘व्हती’ला मागच्या बाकावर कोणी हसले. दुसऱ्या ‘व्हती’ला कोणी हसले नाही.