घाटाची जकात

दिवाळीच्या सुट्टीत कल्याणचे एक कुटुंब जुन्नरला निघाले. आई, बाबा, आजोबा, सातवीत शिकणारी मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ अशी ही पाच माणसे. जुन्नरपर्यंत एस. टी. होती, पुढचा बेत मात्र जगावेगळा होता. जुन्नरच्या पुढे कोणतीही गाडी ठरवावयाची नाही. वाटेत जी भेटेल तिला हात करावयाचा. जागा मिळाली तर बसावयाचे, न मिळाली तर चालावयाचे.

हा बेत आजोबांचा. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून नाणेघाटाने वर येत, अशी आठवण घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. "वाट ओळखावयाची असेल, तर वाटेवरच्या माणसांच्या सोबतीने गेले पाहिजे," असे आजोबा म्हणत. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे कुरकुरत असत. यंदा जाणे झाले नाही, तर पुढे होणार नाही, हे ते बोलून दाखवीत नसत. पण घरात ते सर्वांना ठाऊक होते.

मुलीला हा बेत मुळीच आवडला नव्हता. अनोळखी माणसापुढे हात करणे तिला भीक मागण्यासारखे वाटे. पहिल्या दिवशी लेण्याद्रीच्या रस्त्यावर बाबांनी एका टेम्पोला हात केला, तेव्हा ती आईच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. टेम्पोत टोमॅटोचे रिकामे क्रेट होते. ते एका बाजूला सारून चालकाने सर्वांना जागा करून दिली. धाकटा क्रेटवर चढून बसला आणि वाटभर गात राहिला. मुलगी मात्र मान खाली घालून बसली होती.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतील सुमारे ३० लेणी एकट्या लेण्याद्रीच्या कड्यात आहेत. सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपतीचे स्थान आहे. अष्टविनायकांपैकी हे एक. आजोबा एकेक पायरी चढत, मध्येच टेकत, हसत वर आले. समोर शिवनेरी उन्हात उभा होता. इ. स. १६३० मध्ये ज्या गडावर शिवराय जन्मले, तो हाच, असे सांगून आजोबांनी दुरूनच हात जोडले.

गणपतीच्या शेजारी, सहाव्या लेण्यात, उंच खांबांचा चैत्य आहे. तेथील ब्राह्मी अक्षरांकडे बोट दाखवून बाबा म्हणाले, "हा चैत्य ज्याने दान दिला, त्याचे नाव येथे कोरले आहे. तो हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त. आणि तो कोठला असेल, सांगा पाहू?"

मुलांना उत्तर येईना.

"कल्याणचा!"

"आपल्या कल्याणचा?" धाकटा ओरडला, आणि त्याचा आवाज चैत्यात घुमला.

"होय. त्या काळी कल्याण मोठे व्यापारी गाव होते. तेथला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. ह्याच जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचाही लेख आहे. परदेशी माणूस, पण येथल्या तहानेची त्याने सोय केली."

मुलगी काही बोलली नाही. खाली उतरताना मात्र ती एका टाक्यापाशी थांबली आणि त्यातील गार पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाणेघाटाची वाट धरली. दुधाचे रिकामे कॅन गावोगाव परत नेणाऱ्या एका टेम्पोने त्यांना अर्ध्या वाटेवर सोडले. तेथून पुढे रस्ता सुना होता. दोन्ही बाजूंच्या खाचरांत भाताची कापणी चालली होती. दोन मोटारी आल्या आणि धूळ उडवीत निघून गेल्या. ऊन चढले. आजोबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले. गुडघा चोळीत ते हळूच म्हणाले, "तुम्ही पुढे जाऊन पाहून या. मी येथेच बसतो. दुरून डोंगर पाहिला, तरी पुरे."

मुलीने आजोबांकडे पाहिले. त्यांचे डोळे त्या डोंगराकडे लागले होते. इतक्यात वळणावर ट्रॅक्टरचा आवाज आला. ती उठली, रस्त्याच्या कडेला गेली आणि तिने हात वर केला. लाज अजूनही वाटत होती. पण हात खाली आला नाही.

ट्रॅक्टर थांबला. मागच्या ट्रॉलीत भाताचे भारे होते.

"काका, आमच्या आजोबांना नाणेघाटापर्यंत जायचे आहे. त्यांना चालवत नाही."

"मी घाटघरापस्तोर जातोय. बसा समदी भाऱ्यावर. म्हाताऱ्या बाबांना हात द्या."

ओल्या पेंढ्याचा वास घेत सर्वजण निघाले. घाटघरला उतरल्यावर बाबा खिशात हात घालू लागले, तेव्हा तो शेतकरी हसून म्हणाला, "पैसं कशाला? तुमच्या वजनानं ट्रॅक्टर दमला व्हय?" पुढचा टप्पा आजोबांनी गावातील एका तरुणाच्या मोटारसायकलवर बसून पार केला. बाकीचे पायी गेले.

घाटमाथ्यावर वारा सुसाट वाहत होता. दोन कड्यांच्या मधल्या चिंचोळ्या खिंडीतून खाली कोकण दिसत होते. खिंडीत थोडे उतरल्यावर एक लेणे लागले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांची राणी नागनिका हिने केलेल्या यज्ञांची आणि दानांची हकिकत त्याच्या भिंतींवर प्राकृत भाषेत कोरलेली आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी, सर्व मोजून सांगितले आहे. तेव्हा शून्य लिहिण्याची रीत नव्हती. म्हणून दहा, शंभर, हजार यांसाठी निरनिराळी चिन्हे आहेत. राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्तीही येथे होत्या. आता त्या नाहीशा झाल्या आहेत; वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत.

आजोबा लेण्यात थांबले नाहीत. ते बाहेर येऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसले. शतकानुशतके माणसांच्या आणि जनावरांच्या पायांखाली झिजलेल्या त्या दगडावर त्यांनी तळहात टेकला आणि तो कितीतरी वेळ उचलला नाही. मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन मुकाट्याने बसली.

परतताना माथ्यावरचा मोठा दगडी रांजण दिसला. घाट चढून येणारे व्यापारी जकातीची नाणी ह्यात टाकीत, असे लोक सांगतात.

"आपणही घाटापर्यंत आलो. मग आपण ह्यात काय टाकायचे?" धाकट्याने विचारले.

आजोबा म्हणाले, "टेम्पोवाल्याने घेतले नाही, ट्रॅक्टरवाल्याने घेतले नाही, त्या पोरानेही घेतले नाही. आपली जकात बाकी आहे, बाळा. वाटेचे देणे वाटेवरच फेडायचे असते."

संध्याकाळी जुन्नरकडे जाणारा एक टेम्पो मिळाला. आजोबा चालकाशेजारी बसले, बाकीचे मागे दाटीवाटीने. दोन-तीन मैल गेल्यावर एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्याकडेला उभी असलेली दिसली. तिने हात अर्धवट वर केला. गाडी भरलेली पाहून तिने तो खाली घेतला. तो अर्धवट उचललेला हात मुलीला चांगलाच ओळखीचा होता.

तिने टपावर थाप मारली. "काका, थांबवा ना! आजी उभ्या आहेत."

"जागा कुठाय?" चालकाने विचारले.

"माझी आहे," ती म्हणाली.

गाडी थांबली. मुलीने खाली उडी मारून भारा वर चढविला, म्हातारीला हात दिला आणि आपली जागा तिला देऊन ती कॅनच्या सांदीत अंग चोरून उभी राहिली.

"कोन्या गावची गं तू, पोरी?"

"कल्याणची, आजी."

"लई लांबून आलीस." म्हातारीने तिच्या गालावरून खरखरीत हात फिरवला.

पुढच्या काचेतून आजोबांनी मागे वळून पाहिले. नाणेघाट आता दिसत नव्हता. पण तेथल्या रांजणात एक नाणे पडले होते.