पंचनामा नव्हे, सर्वे होता

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पूरपट्ट्यात. 2019 च्या ऑगस्टमध्ये घरात पाणी शिरलं. ते ओसरल्यावर छावणीतून परत आलो आणि गाळ काढायला लागलो. कुजलेलं धान्य, फुगलेल्या गाद्या, सगळं दारात टाकलेलं. त्याच दिवसांत तलाठी, ग्रामसेवक पंचनाम्याला येत होते. हातात कागद असलेला माणूस दिसला की लोक त्याच्यामागं धावायचे.

त्यातच एका संस्थेची पोरं आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. पुराच्या पूर्वतयारीचा अभ्यास होता. मी मागं गोठा धूत होते. पुढं सासूबाई एकट्याच बसलेल्या. त्यांना 'पूर' आणि 'सर्वे' एवढंच कळलं.

पोरांनी विचारलं, इशारा आल्यावर घर कधी सोडता? मागं कोण थांबतं? गोळ्या कोणाला चालू आहेत? कागदपत्रं, दागिने कुठं ठेवता? सासूबाईंनी सगळं सांगितलं. मग इंग्रजी कागदावर त्यांचा अंगठा घेतला, म्हशीजवळ उभं करून फोटो काढला. त्यांनी विचारलं, "पैसं कवा जमा हुनार?" पोरगा म्हणाला, "वर कळवतो, आजी." तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. पण ही मदतीची यादी नाही, एवढं सांगायला त्याला एक वाक्य पुरलं असतं.

अनुदान रीतसर पंचनाम्यातूनच मिळालं. पण सासूबाई कितीतरी दिवस त्या पोरांच्या पैशांची वाट बघत होत्या.

पुढच्या वर्षी पुतण्यानं मोबाईलवर त्या संस्थेचा अहवाल दाखवला. त्यात सासूबाईंचा फोटो, नाव, गाव, आणि खाली त्या घर सोडायला नकार देतात असं छापलेलं. गावात चेष्टा झाली. त्यांनी देवळात जाणं बंद केलं. मला वेगळीच धास्ती. पुढच्या तक्त्यात कुठल्या गल्लीतली घरं पुरात रिकामी असतात तेही होतं. पुरात बंद घरं फुटतात, हे आमच्याकडं कोणाला सांगावं लागत नाही.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, माणसांच्या आरोग्यावर संशोधन करायचं तर आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे, 2017 चे नियम आहेत, त्यात आपत्तीतल्या संशोधनावर वेगळं प्रकरण आहे. समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यावं लागतं. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला, लिहितावाचता येणारा साक्षीदार लागतो. संशोधनाला मंजुरी देणारी नैतिकता समिती असते, तिच्याकडं तक्रार करता येते. त्यांनीच अर्ज लिहायला मदत केली. आम्ही तो रजिस्टरनं पाठवला. बरीच वाट बघितल्यावर उत्तर आलं. अहवालातून नाव, फोटो आणि तो तक्ता काढला. छापून वाटलेल्या प्रती मात्र गेल्या त्या गेल्याच.

2021 च्या जुलैत परत पूर आला. त्यानंतर दुसरं एक पथक आलं. सासूबाई दार लावून घ्यायला निघाल्या होत्या. पथकातल्या बाईंनी आधीच सांगितलं, "आजी, यातून पैसे मिळणार नाहीत. आणि नाही म्हणालात तर तुमचं अनुदानही थांबणार नाही." मराठी माहितीपत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारच्या गुरुजींना साक्षीला बसवलं. फोटोचं वेगळं विचारलं. सासूबाई नको म्हणाल्या, तर कॅमेरा पिशवीतून निघालाच नाही. दागिन्यांचा प्रश्नच नव्हता. एक प्रत आणि फोन नंबर ठेवून गेल्या. ती प्रत आजही रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.

त्या दिवशी सासूबाई स्वतःहून बोलल्या. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या धोका पातळीला गेल्याचा निरोप येतो, तरी त्या थांबतात, कारण म्हशीला कुठं बांधायचं ते ठरलेलं नसतं. आधीच्या पोरांनी 'नकार' लिहिला होता, त्याचं कारण हे होतं. त्यांनी ते विचारलंच नव्हतं.

असे अभ्यास व्हायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडं पाणी परत येणारच आहे. म्हणून शिरोळ, करवीर, मिरज, पलूसकडच्या बायकांना सांगते. दारात आलेल्याला बसवा, चहा द्या. पण अंगठा उठवण्याआधी हा पंचनामा आहे की सर्वे, ते स्पष्ट विचारा, मराठी कागद वाचून घ्या, आणि त्याची एक प्रत घरात ठेवून घ्या.