खोडलेली नावं

कागलच्या शिवाराला लागून आम्हाला भाजीपाल्यासाठी वीस गुंठे रान मिळालं, हे ऐकून लोक कौतुक करतात. मला मात्र आधी पाचशेचा तो स्टॅम्पपेपर आठवतो. त्यावर अठरा बायकांची नावं टाईप केली होती आणि मालकांनी प्रत्येक नावावर पेनानं रेघ ओढली होती.

मागची हकिकत थोडक्यात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक कित्येक दिवस बंद पडली आणि भाजीचे भाव कडाडले. दूधगंगेच्या पाण्यावर सगळीकडे ऊसच ऊस. त्या उसात रोजगारानं भांगलणाऱ्या बायकांच्या ताटात पोकळा आणि वरण्याच्या शेंगासुद्धा विकतच्या. मी निवृत्त शिक्षिका. ओळखीतल्या एका सज्जन माणसाचं रान पडून होतं, मुलं पुण्याला. प्रत्येकीला एक गुंठा, उरलेल्या दोन गुंठ्यांत वाट आणि खताचा खड्डा, असं ठरलं.

आणि मग ती रेघ.

मालक म्हणाले, “बाई, रान घ्या, बोअरचं पाणी घ्या, मला एक शेंगही नको. पण नावं नकोत. नाव आलं की कूळ आलं.” भाडं नाही, वाटा नाही, मुदत अकरा महिन्यांची, कूळहक्क लागणार नाही असं कलम घालू, असं वकिलांनी समजावलं. पण ते ऐकेनात. शेवटी तोडगा त्यांनीच काढला: कागदावर एकटं माझं नाव घालायचं. म्हणजे ज्यांचे हात मातीत, त्यांची नावं धोक्याची, आणि पेन्शन घेणारीचं नाव बिनधोक! बाहेर बाकावर बसलेली एकजण म्हणाली, “भांगलायला आमचा हात चालतोय, मग नाव का चालंना?” तिला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. शाहू महाराज ज्या कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि 1918 साली महार वतनं रद्द करून त्या जमिनी महारांच्याच नावावर करून दिल्या, त्याच गावात हे घडावं याचा जास्त संताप होतो.

मी सही केली नाही. बायका म्हणाल्या, हंगाम निघून चाललाय, शब्दावर घेऊ. घेतलं. मेथी, शेपू, दोडका, वांगी, बांधाला वरणा. मालकांनी शब्द तंतोतंत पाळला, एकदा मोटर जळाली तर स्वतःच्या पैशानं भरून आणली. अशा माणसावर रागावायचं तरी कसं? पण कागदावर नाव नसेल तर बी-बियाण्याच्या योजनेत अर्ज नाही, आणि पुरात पीक गेलं तर पंचनामा सातबारावाल्याच्या नावानं. चांगुलपणाचा वारसा लागत नाही. उद्या मुलं पुण्याहून आली आणि रान मागितलं तर बायकांनी काय दाखवायचं?

त्यात आमच्या घरचं वेगळंच. 1948 चा कूळकायदा, त्यातला 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, याच जोरावर माझे आजोबा कुळाचे मालक झाले. कायद्याच्या 32-ग कलमाखाली ठरलेली जमिनीची किंमत त्यांनी हप्त्याहप्त्यानं फेडली. मालकांना ज्या कायद्याची धास्ती आहे, त्याच कायद्यावर आमचं घर उभं राहिलं. तरीही सांगते, आज तीच धास्ती हजारो एकर पडीक ठेवते आणि भूमिहीनांना बांधाबाहेर ठेवते. इंग्लंडात 1908 च्या कायद्यानं सहा रहिवाशांनी लेखी मागणी केली तर स्थानिक संस्थेला भाजीच्या तुकड्यांचा विचार करावाच लागतो. आपल्याकडं सगळं एखाद्याच्या भलेपणावर.

नीती आयोगाच्या समितीनं 2016 साली शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श मसुदा दिला: मालकी मालकाकडं अबाधित, कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि नुकसानभरपाई. ज्यांची रानं पडून आहेत त्यांनी आणि ज्यांना कसायची आहेत त्यांनीही आमदाराला गाठून हा मसुदा पुढं करावा. त्यात कसणारा कधीच मालक होणार नाही, हे मला कळतं. 1957 ला असा कायदा असता तर आजोबांच्या हाती काही लागलं नसतं. तरीही मला तो हवा आहे, येत्या जूनच्या पेरणीआधी.