साबर बोंडं

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. बदलापूरहून सुटलेल्या सकाळच्या लोकलमध्ये बजेटचीच चर्चा चालली होती. दाराशी उभ्या उभ्या मी मोबाइलवर बातमी वाचली. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जागतिक कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला होता. त्या महोत्सवात पोहोचलेला हा पहिलाच मराठी चित्रपट. अंबरनाथला गर्दी आत घुसली, उल्हासनगरला आणखी रेटा आला, तरी मी तीच बातमी पुन्हा पुन्हा वाचत होतो.

‘संत तुकाराम’चा १९३७ साली व्हेनिसला गौरव झाला, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४ मध्ये तिथेच दोन पुरस्कार मिळवले, हे ठाऊक होतं. पण ‘साबर बोंडं’ची गोष्ट सुतकाची होती. वडील गेल्यावर दहा दिवस गावी राहिलेला आनंद, लग्नाचा लकडा लावणारे नातेवाईक आणि बालपणीचा मित्र बाळ्या, ज्याच्यावर आनंदचा जीव जडतो. कानवडे स्वतः वडिलांच्या सुतकात गावी राहिले होते, त्यातून हे सुचलं. असे दहा दिवस मीही काढलेत.

सप्टेंबरमध्ये चित्रपट लागला. जवळपास सोयीचा खेळ मिळेना. सर्वपित्री अमावास्येला, २१ तारखेला, अण्णांचं पान गच्चीवर ठेवलं, कावळा शिवेपर्यंत थांबलो आणि आईला घेऊन मुंबई गाठली.

दोन पुरुषांचं प्रेम तिला कसं वाटेल, या धास्तीने मी पडद्यापेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होतो. ती पदर हनुवटीशी धरून बसली होती. आनंदच्या आईला सगळं आधीपासून माहीत असतं, ती त्याच्या बाजूने असते. तिथे माझ्या आईने हळूच मान हलवली.

उटाहच्या बर्फातल्या सनडान्सच्या परीक्षकांना दहावा म्हणजे काय, हे कुणी समजावलं असेल? मला वाटतं, गरजच पडली नसावी. हा चित्रपट घाई करत नाही. बसलेली माणसं बसलेलीच दिसत राहतात. सुतकात वेळ असाच अंगावर येतो.

परतीच्या गाडीत आई कल्याणपर्यंत गप्प होती. अंबरनाथला डबा रिकामा झाला, तेव्हा म्हणाली, “तुझे अण्णा गेले तेव्हा त्या दहा दिवसांत तू कुणाशी बोलायचास रे?”

“कुणाशीच नाही,” मी म्हटलं.

तिने माझा हात हातात घेतला, तो बदलापूर येईपर्यंत सोडला नाही.