गाण्याचा पी.आर.एन.

बिस्किटाच्या पुड्यावर असतात तशा काळ्या-पांढऱ्या रेघा गाण्याच्या सीडीच्या पाठीवरही असतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. आपल्याला वाटतं, हाच त्या गाण्याचा नंबर! पण नाही. तो नंबर पाकिटाचा, गाण्याचा नव्हे.

आधी रेघांचं बघू. बारकोड स्कॅन करून दुकानात पहिली वस्तू विकली गेली ती २६ जून १९७४ ला, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय नावाच्या गावी. वस्तू कोणती? च्युइंगमचं पाकीट! आपल्याकडचे नंबर बहुधा ८९० नं सुरू होतात. त्याचा अर्थ माल भारतात बनला असा नाही. कंपनीनं नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतला, एवढाच. तेरा अंकांतला शेवटचा अंक म्हणजे पहारेकरी. समजा पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८९ असे आहेत. पहिला, तिसरा, पाचवा अशा अंकांची बेरीज २८. दुसरा, चौथा, सहावा अशांची ३४, तिला तीननं गुणलं की १०२. एकूण १३०. पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडले? शून्य. म्हणून तेरावा अंक शून्य. मधला एक अंक जरी चुकला तरी मशीन लगेच पकडतं. एम-थ्रीच्या पेपरपेक्षा सोपं आहे की नाही?

पण हा नंबर अख्ख्या अल्बमचा. आतल्या प्रत्येक रेकॉर्डिंगला वेगळा नंबर असतो, आय.एस.आर.सी. एकूण बारा जागा: दोन अक्षरं देशाची, तीन जागा नंबर घेणाऱ्याच्या, दोन अंक वर्षाचे आणि पाच अंक त्या रेकॉर्डिंगचे. तो डोळ्यांना दिसत नाही, सीडीच्या किंवा फाईलच्या पोटात असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर बारकोड म्हणजे सीट नंबर, दर परीक्षेला नवा. आय.एस.आर.सी. म्हणजे पी.आर.एन.! तेच रेकॉर्डिंग दहा अल्बममध्ये घातलं तर बारकोड दहा, पण आय.एस.आर.सी. एकच. रीमिक्स केलं तर मात्र नवा.

आणि मूळ रचनेचा नंबर आणखी तिसराच, आय.एस.डब्ल्यू.सी. उदाहरण आमच्या माणदेशातलंच देते. गदिमांचा जन्म आटपाडी तालुक्यातल्या शेटफळे गावचा. त्यांचं गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. तेव्हा माणिक वर्मांसारखे वेगवेगळे गायक गायले; पुढे सुधीर फडक्यांनी सगळी गाणी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली. रचना एक, रेकॉर्डिंगं दोन. नियमानं रचनेचा नंबर एकच, पण रेकॉर्डिंगांचे दोन वेगळे.

आता मी हे सगळं का शोधत बसले? तर आजीमुळे. आमचं गाव माण तालुक्यातलं. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे ओवीतले निम्मे शब्द तिलाच विचारावे लागतात. माझ्या चुलतभावानं तिच्या काही ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड करून नातेवाइकांना पाठवल्या. वर्षभरानं तोच आवाज एका अनोळखी अल्बममध्ये सापडला! खाली ढोलकीचा ठेका, मध्ये आजीचा खोकलासुद्धा तसाच. गायिकेच्या जागी लिहिलं होतं, ‘पारंपरिक’. आम्ही मेल केला, उत्तर आलं नाही.

आजीला नंबरांचं सांगितलं तर ती हसली. “आगं, गाण्याला कशाला नंबर? म्हशीच्या कानात बिल्ला मारत्यात, तसा व्हय?”

अगदी तसाच आजी! त्या पिवळ्या बिल्ल्यावरही बाराच अंक असतात. पण बिल्ल्यासमोर मालकाचं नाव कुणीतरी खरं लिहावं लागतं. गाण्याचंही तेच. आय.एस.आर.सी. म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. अल्बम टाकताना फॉर्म भरला की कोड मिळून जातो. फॉर्ममध्ये नाव खरं आहे का, हे तो तेरावा अंकसुद्धा तपासू शकत नाही. ओवी पारंपरिक असेल, आवाज पारंपरिक कसा असेल? तो एका बाईचा असतो. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून सादर करणाऱ्या कलाकाराला आपलं नाव दिलं जावं असा हक्क आहे. पण नाव माहीतच नसेल तर हक्क कोण मागणार?

हे नीट करणारे लोकही आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. म्हणजे जमतं!

माझ्या लॅपटॉपवर आता एकतीस फाईली आहेत. प्रत्येकीची सुरुवात आजीच्याच आवाजात: नाव, गाव, तालुका माण, जिल्हा सातारा, तारीख. पहिल्यांदा ती लाजली, आता ठसक्यात सांगते. पी.आर.एन. मिळेल तेव्हा मिळेल. तुमच्याही गावात कुणी ओव्या म्हणत असेल, गजीचा ढोल वाजवत असेल. सुट्टीत गेलात की मोबाईल जरूर काढा, पण रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की आधी नाव विचारा.