दांडी

साताऱ्यात सायकल चालवणे ही हौस नव्हे, तपश्चर्या आहे. पोवई नाक्यावरून मोती चौकाकडे चढणाऱ्या माणसाला अजिंक्यतारा वरून वाकुल्या दाखवतो, असे मला नेहमी वाटते. उलट सांगली! कृष्णाकाठचे ते सपाट गाव सायकलस्वाराचे नुसते लाड करते. तेव्हा माझ्या वडिलांची सायकल साताऱ्यात मोडावी आणि सांगलीत जुळावी, हे तसे रीतीला धरूनच झाले.

मोडली ती नेमकी दांडी. लहानपणी पंचाची घडी टाकून वडील मला जिच्यावर बसवीत, तीच. हँडलजवळच्या सांध्यालगत तिला चीर गेली होती. दुकानदाराने एका नजरेत निकाल दिला, "सर, भंगारात द्या. नवी ॲल्युमिनियमची घ्या, हलकी असते." त्याचे खोटे नव्हते. पण वडील जाऊन जेमतेम वर्ष झाले होते. भंगार हा शब्द मला सोसवेना. सांगलीच्या एका विद्यार्थ्याने आपल्या गल्लीतले मिस्त्री सुचवले, आणि सायकल रेल्वेच्या सामानाच्या डब्यात चढवून मी निघालो.

कऱ्हाड मागे पडले. पुढचा मुलूख १९४९ पासून १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' म्हणूनच ओळखला जाई. त्यामुळे जिल्हा ओलांडला तरी घर ओलांडल्यासारखे वाटत नाही. किर्लोस्करवाडी आली तेव्हा मात्र मी खिडकीशी सरसावून बसलो. किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात थाटले ते सायकलचेच दुकान! नांगर मागाहून आला, आणि ही वाडी तर १९१० सालची, औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली तेव्हाची. एवढ्या मोठ्या कारखान्याचा मूळपुरुष दोन चाकांचा निघावा, याचा मला त्या दिवशी भारीच आधार वाटला.

मिस्त्रींनी चिरेवरून नख फिरवले. "नळी गेलीया, सर. सांधा शाबूत हाय."

सारी मेख त्या सांध्यात आहे. पितळ सुमारे नऊशे अंशांवर वितळते, पोलादाला दीड हजारांच्या आसपास उष्णता लागते. म्हणून पोलाद नुसते लाल होते, आणि टाकणखाराने स्वच्छ झालेल्या बारीक फटीत पितळ पाण्यासारखे ओढले जाते. जे असे जोडता येते, ते पुन्हा तापवून सोडवताही येते. ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्डिंगनंतर बहुधा भट्टीत घालून पुन्हा कणखर करावी लागते. गल्लीत ती भट्टी कुठली? बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने १८९७ साली टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळ्यांचे पेटंट घेतले, तेही सांध्याचीच काळजी म्हणून. आमची काळी सायकल त्या खानदानातली नव्हे. पण तिचेही सांधे कुणीतरी असेच ज्योतीपुढे बसून भरले असणार.

मिस्त्रींनी फ्रेमचा पुढचा भाग सोडवला, एका मोडीत निघालेल्या सायकलची नळी कापून, कानशीने घासून बसवली, आणि पितळ भरले. मग मागच्या चाकाच्या एका खाचेतून दोरा काढून, पुढे वळसा घालून, दुसऱ्या खाचेत आणला. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजले. केसभर फरक होता. तो निघेपर्यंत मी दोन वेळा चहा घेतला.

नवी दांडी हिरवी होती. "काळा रंग मारू?" त्यांनी विचारले. मी नको म्हणालो. तिच्यावरही कुणाचे तरी पोर बसले असेल.

निघताना जुनी दांडी त्यांनी न विचारताच माझ्या हाती दिली. परतीच्या गाडीत ती मांडीवर आडवी घेऊन बसलो होतो. भिलवडीला चढलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "पंपाची नळी व्हय?"

"सायकलची दांडी," मी म्हणालो, आणि तो टेकू शकेल एवढी ती बाजूला सरकवली.